नवरदेवाच्या पायात काय?

पुरुषाच्या कपड्यांची खरेदी अंगापासून सुरू होते आणि पायाशी येईपर्यंत पैसे आणि उत्साह दोन्ही संपतात. लग्नसराईत आमच्या शहरात पैठण गेटला किंवा गुलमंडीवर हे रोज दिसतं. हातात शेरवानीची नाहीतर सुटाची भलीमोठी पिशवी, आणि चपलांच्या दुकानात शिरल्या शिरल्या, "लवकर दाखवा हो काहीतरी, काळं." मला ही घाई मनापासून खटकते. सूट वर्षातून एक-दोनदा अंगावर येतो. पाय मात्र रोज आपलं सगळं ओझं वाहतात. म्हणूनच धाकट्या भावाच्या लग्नाच्या निमित्ताने त्याचा आणि काकांचा जो वाद झाला, तो इथे लिहून ठेवते आहे. काका मिलिंद महाविद्यालयात शिकले आणि प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले. भाऊ सुमेध वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. लग्न मे महिन्यात, बीड बायपासवरच्या लॉनवर, बौद्ध पद्धतीने.

काका : काळा, लेसचा, चामड्याचा बूट. यात ठरवायचं काय आहे?

सुमेध : काका, मी आठवड्याचे सहा दिवस, आठ-आठ तास सेफ्टी शूज घालतो. पुढे पोलादी टोपी, खाली जाड तळ. शिफ्ट संपल्यावर मोजा काढला की पायाची कातडी भिजून पांढरी पडलेली असते. लग्नाच्या दिवशी तरी पाय मोकळे राहू द्या ना. हिमरूचं जाकीट शिवलंय, आत पांढरा कुर्ता-पायजमा. त्यावर कोल्हापुरीच शोभते.

काका : विधीला शोभेल. संध्याकाळी सूट आहे, त्याचं काय?

सुमेध : सुटावर पांढरे स्नीकर्स. आता सगळे घालतात.

काका : सगळे घालतात म्हणून तू घालू नकोस. सूट हा कडक शिस्तीचा कपडा आहे. त्याची कॉलर, घडी, बटण, सगळं ठरलेलं. त्याच्याखाली जॉगिंगचा बूट आला की वरची शिस्त फुकट जाते. आणि स्टेजवर तू तीन-चार तास उभा राहणार. समोरून येणारा प्रत्येक माणूस दोन पायऱ्या चढून येतो. चढताना त्याची नजर आधी तुझ्या पायांवर पडते.

हे शेवटचं निरीक्षण मला पटलं. स्टेज उंच असतं, पाहुणा खाली असतो, आणि नवरदेवाचे बूट बरोबर त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. सोफ्यावर बसल्यावर तर पँट वर सरकते आणि मोजा आखूड असेल तर मध्ये पोटरीची पट्टी उघडी पडते. लग्नाचे अल्बम पाहा, हे निम्म्या फोटोंत सापडेल. मोजा पोटरीपर्यंत हवा आणि रंग पँटचा हवा. बुटाशी तो जुळला नाही तरी चालतं.

तिघं औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या दुकानात गेलो. आजकाल दुकानदार नुसता नंबर विचारतात. या म्हाताऱ्या दुकानदाराने सुमेधला उभं केलं, पाय मोजायची पट्टी पुढे सरकवली आणि दोन्ही पाय मोजले. डावा पाय उजव्यापेक्षा थोडा लांब निघाला. बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात. बूट घ्यायचा तो मोठ्या पायाच्या मापाने. मग काकांनी निवडलेला ऑक्सफर्ड पायात घातला तेव्हा लेसखालच्या दोन पट्ट्या एकमेकींना भिडेनात. चांगलं बोटभर अंतर राहिलं. दुकानदार म्हणाला, "पंजा चौडा है भाई. ये नै बैठता. डर्बी लेओ."

या दोन बुटांतला फरक ग्राहकाला कुणी समजावून सांगत नाही. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या पट्ट्या पुढच्या चामड्याच्या खाली शिवून बंद केलेल्या असतात. दिसायला रेखीव आणि सगळ्यात औपचारिक, पण पायाला जागा देत नाही. डर्बीत त्याच पट्ट्या वरून शिवलेल्या आणि खालून मोकळ्या असतात. पंजा रुंद असो की पायाचा उंचवटा जास्त असो, लेस सैल केली की बूट जागा देतो. आपल्याकडच्या बहुतेक पुरुषांना डर्बी बसते, ऑक्सफर्ड चावतो. मे महिन्यात, दिवसभर उभं राहून सुजलेल्या पायाला तर नक्कीच चावतो.

सुमेध : बघा काका. ज्या मापाने हे बूट निघतात ते आपलं मापच नाही. इंग्रजी नंबर एकाने वाढला की लांबी इंचाच्या तिसऱ्या हिश्शाने वाढते, पण रुंदी कुणी विचारत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशातल्या 79 ठिकाणी लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष असा की भारतीय पाय रुंद आहे. म्हणून 'भा' नावाची नवी मापपद्धती सुचवली. म्हणजे इतकी वर्षं आपण लांबीला एक नंबर मोठा घेऊन रुंदीची सोय करत आलो. मग टाच निसटते आणि पुढे घडी पडते.

काका : मान्य. डर्बी घे. पण बूट घे.

सुमेध : तुम्हाला बुटाचं इतकं काय आहे?

दुकानात काकांनी याला उत्तर दिलं नाही. घरी परत आल्यावर, चहा झाल्यावर, बोलले.

काका : तुझे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले. गावात पाटलाच्या, देशमुखाच्या वाड्यासमोरून जायचं तर वहाणा काढून हातात घ्यायच्या. वाडा मागे पडला की पुन्हा पायात. चैत्र-वैशाखात इथली काळी माती कशी तापते तुला ठाऊक आहे. तुझ्या पणजोबांनी जन्मभर तेच केलं. 1950 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज काढलं, पुढे तेच मिलिंद. आजोबा वसतिगृहात राहायला आले आणि पहिल्या शिष्यवृत्तीतून त्यांनी काळे बूट घेतले. सुट्टीला गावी गेले ते बूट घालून. वाड्यासमोरून. कुणी काही बोललं नाही, पण माझी आजी दारात उभी राहून थरथरत होती, असं ते सांगायचे. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की वरच्या जातींच्या बायका नेसतात तशीच लुगडी नेसा, अंगावर जातीची खूण ठेवू नका. तीच शिकवण आजोबांनी पायात घातली. फोटोतल्या बाबासाहेबांच्या पायातला बूट आम्ही लहानपणी टक लावून पाहायचो. चकचकीत, बंद, पूर्ण. त्याला तू इंग्रजांची नक्कल म्हणू नकोस.

सुमेध बराच वेळ गप्प होता. मग जे बोलला ते मला त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं.

सुमेध : मी नक्कल म्हणणार नाही. पण काका, कोल्हापुरी कुणी बनवली? कातडं कमावणारे ढोर, चप्पल बांधणारे चर्मकार. त्यांनाही त्याच उतरंडीच्या तळाशी बसवलं होतं. त्यांच्या हातची वस्तू पाटलाच्या पायात रुबाब म्हणून चालायची आणि बनवणाऱ्याला वाड्याबाहेर उभं करायचे. बूट घालून आजोबांनी जे मिळवलं, त्यातलंच थोडं या कारागिरांना मिळायला हवं की नको? जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने हुबेहूब कोल्हापुरी दाखवली आणि नाव कुठेच नाही. आपल्याकडे आरडाओरड झाली तेव्हा कंपनीने मूळ मान्य केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या महामंडळाशी करार केला. दोन हजार जोड, किंमत सुमारे आठशे युरो. बाहेरच्याला ती आठशे युरोची वाटते आणि आपण तिला 'घरात घालायची चप्पल' म्हणतो. लग्नात नवरदेवाने कोल्हापुरी घालणं म्हणजे तिला तिची जागा देणं आहे.

काका : (थोडं थांबून) हे मी असं पाहिलं नव्हतं.

माझ्या मते इथे दोघंही एकच गोष्ट सांगत होते. माणसाने आपल्या पायातल्या वस्तूमुळे खाली मान घालू नये. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण अजून लोक सहज बोलतात, आणि ती ज्यांच्यावर वापरली गेली त्यांना वहाणेचं मोल जास्त ठाऊक आहे. त्यामुळे आमच्या शहरात, मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवनाच्या शेजारी राहून, बुटांवर बोलताना हे सोडून नुसत्या फॅशनवर बोलणं मला अपुरं वाटतं.

पण सुमेधचा सगळ्यात भक्कम मुद्दा पुढे आला.

सुमेध : आता व्यवहाराचं. आपल्या औपचारिक प्रसंगांत बूट किती वेळ पायात असतो? मंगल परिणय बुद्धमूर्तीसमोर, तेव्हा बूट बाहेर. विहारात बाहेर. कुणाकडे सांत्वनाला गेलो तर दारात चाळीस-पन्नास जोड पडलेले असतात, तिथे खाली वाकून लेस सोडायची आणि मागच्या म्हाताऱ्या माणसांना अडवून ठेवायचं. मंदिर, दर्गा, पूजा, साखरपुडा, कुणाचंही घर, सगळीकडे उंबऱ्याबाहेर. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत शिरतानाही काढावेच लागतात. लेस बांधलेला बूट ही थंड मुलखातली सोय आहे, जिथे सकाळी चढवला तो रात्रीच उतरतो. आपल्या रीतीला चटकन निघेल, चटकन चढेल असंच पादत्राण हवं.

यावर काका हसले नाहीत, वादालाही उभे राहिले नाहीत. कपाटातून विनयपिटकाचा, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथाचा, मराठी अनुवाद घेऊन आले. त्यातल्या महावग्गाचं पाचवं प्रकरण कातड्याच्या वस्तूंवर आहे, तिथला प्रसंग त्यांनी आपल्या शब्दांत सांगितला.

काका : सोण कोळिविस हा चंपेचा श्रीमंताघरचा मुलगा भिक्खू झाला. पाय इतके नाजूक की चंक्रमण, म्हणजे येरझारा घालत ध्यान, करता करता फुटले आणि वाट रक्ताने भरली. बुद्धांनी त्याला एका थराची वहाण घालायची परवानगी दिली. तो म्हणाला, संघाला मिळाली तरच मी घेईन. मग ती सगळ्यांना मिळाली. जाड, अनेक थरांची वहाण मात्र सगळ्यांना मोकळी नव्हती. पुढे अवंती-दक्षिणापथाकडून दुसरा एक सोण आला, कुटिकण्ण नावाचा. त्याच्या गुरूंनी, महाकच्चायनांनी, त्याच्यामार्फत विनंती पाठवली की आमच्याकडची जमीन काळी आहे, कठीण आहे, गुरांच्या खुरांनी खरबरीत झालेली आहे. तेव्हा त्या भागातल्या भिक्खूंना जाड तळाची वहाण घालायची मुभा मिळाली. म्हणजे नियम जमिनीप्रमाणे बदलला. तुझ्या बाजूचं आहे हे, पण लपवून कसं ठेवू?

काळ्या जमिनीचा हा उल्लेख ऐकून मला आपलीच शेतं दिसली. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पायांखालची जमीन पाहून निर्णय घेतला होता. आणि आपण आज लॉनवर लग्न असताना गुळगुळीत चामडी तळाचा बूट घेतो. संध्याकाळी लॉनला पाणी मारलेलं असतं, त्यावर हिरवी जाजमं, आणि स्टेजच्या पायऱ्यांवर चकचकीत लॅमिनेट. चामडी तळ तिथे घसरतो. रबराचा पातळ तळ लावलेली डर्बी हा उपाय, तोही मोच्याकडून शंभर-दोनशे रुपयांत होणारा.

तळावरून आठवलं. बूट कपाटात जपून ठेवायची आपल्याला फार सवय. काकांच्या एका मित्राने असाच डब्यात जपलेला जोड चार वर्षांनी मुलीच्या लग्नात काढला आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत दोन्ही तळांचे तुकडे पडले. यात मोच्याचा दोष नाही, वापराचाही नाही. हलक्या, मऊ बुटांचा तळ बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजतो, आणि वापरात नसलेला बूट यातून सुटत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी घालून चालावं. तळ बोटाने दाबून चिकट किंवा भुसभुशीत लागला तर त्या जोडाचं आयुष्य संपलं. बूट लग्नाचा म्हणून अडगळीत ठेवू नका. मुलाखतीला, पदवीदानाला, कोर्टकचेरीला घाला.

कोल्हापुरीचा विषय सुमेधने मग काकांना समजावून दिला. मी तिथे मध्ये बोलले नाही, कारण तो एका कारागिराकडून शिकून आला होता. खरी कोल्हापुरी हातात घेतली की जड लागते. तळ म्हशीच्या कातड्याच्या थरांचा, वरचं काम शेळीच्या मऊ कातड्याचं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडं कमावलेलं असतं, त्याला तसाच वास येतो. शिवण कातडी वादीची, खिळा कुठेच नाही. कडेला रेक्झिन दिसलं, तळात फोम दाबला गेला, खालून लोखंडी खिळे दिसले की ती कोल्हापुरीच्या आकाराची दुसरी कुठली तरी चप्पल समजावी. महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून 2019 मध्ये तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे खरेदी करताना ती कुठे बनली हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

सुमेध : आणि काका, नवी कोल्हापुरी लग्नाच्या दिवशी काढायची नाही. आठ-दहा दिवस आधी घरात घालायची. अंगठा आणि पट्टा चावतो तिथे खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. घेताना टाच तळाच्या कडेपाशी बसेल अशी घट्ट घ्यायची, कारण पट्टा पुढे सैल होतो. पावसात चुकूनही नाही. भिजली तर सावलीत वाळवायची, उन्हात ठेवली की तळ वाकतो.

काका : पाऊस आणि ऑफिस एकत्र आले तर?

सुमेध : त्याला फ्लोटर आहेत. ऑफिसात पोचल्यावर बदलायला ड्रॉवरमध्ये लोफर ठेवतो. मीच नाही, आमच्या लाइनवरचे बरेच जण ठेवतात.

लोफरबद्दल काकांचा आकस गेला नाही. बिनलेसचा बूट म्हणजे निम्मी चप्पल, असं त्यांचं मत. मला ते पटत नाही. ज्या समाजात दिवसातून दहादा पादत्राण काढावं लागतं तिथे तपकिरी चामड्याचा साधा लोफर हे रोजच्या नोकरीसाठी सगळ्यात समंजस पादत्राण आहे. त्यावर पट्टाही तपकिरी असू द्यावा, एवढंच. स्नीकर्सबद्दल मात्र मी काकांच्या बाजूची आहे. कॅनॉटला फिरायला, प्रवासाला, रविवारी ते उत्तम. पायाला आराम देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण सांत्वनाला जाताना केशरी पट्टे असलेला जोडा माणूस घालून येतो तेव्हा घरातल्यांना तो दिसतो. त्या घरी साधी, गडद चप्पल घालून जावं.

शेवटी सुमेधने काय घेतलं ते सांगते. काळी डर्बी, मापाला संध्याकाळी जाऊन, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी बसत नाही. किंमत अडीच हजारांच्या थोडी खाली. सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडावर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे 18, त्यामुळे या किमतीच्या आसपास घासाघीस करण्याला अर्थ असतो. हिमरू जाकिटाखाली कोल्हापुरी. काकांनीही एक कोल्हापुरी घेतली, आयुष्यातली पहिली. वयाची पासष्ट वर्षं त्यांनी ती टाळली होती आणि त्यामागचं कारण आता आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. माझा निकाल असा की कुर्ता, धोतर, जाकीट यांच्याखाली चांगली कोल्हापुरी पूर्णपणे औपचारिक आहे आणि तिला दुय्यम मानण्याचं काही कारण नाही. पाश्चात्त्य सुटाखाली लेसचा बूट हवा.

वाचकांना एक विनंती. आपल्याकडे वडीलधारी माणसं बूट घालून येतात आणि दारात एका पायावर उभी राहून लेस सोडतात, भिंतीला धरून. विहार, मंगल कार्यालय, शाळेचं सभागृह, स्वतःचं घर, जिथे जिथे तुम्ही लोकांना पादत्राणं बाहेर काढायला सांगता, तिथे दाराशी बसायला एक बाक आणि बूट चढवायला एक शू-हॉर्न ठेवा. दोन्ही मिळून फार खर्च येत नाही.